इकॉनॉमिक्स करायचंय, मग गणित कोणतं?

पत्राचा सारांश: इंदूरच्या राजेंद्र नगरमधून एका आईने लिहिलं आहे. मुलगी सीबीएसईच्या शाळेत दहावीत आहे. गणितात ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असते, कधी नव्वदीला टेकते. अकरावीला काय घ्यायचं यावर घरात रोज बैठक बसते. वडिलांचं म्हणणं, पीसीएम घेऊन भंवरकुआंला कोचिंग लावू, शाळा नावापुरती ठेवू. आजी म्हणतात, मॅथ्स आणि बायो दोन्ही घे, म्हणजे काहीच हातचं जाणार नाही. शाळेतल्या कोऑर्डिनेटर बाईंनी सुचवलंय, कॉमर्स घ्या आणि नेहमीच्या गणिताऐवजी अप्लाइड मॅथ्स, टक्के चांगले पडतील. न्यू जर्सीचे काका व्हिडिओ कॉलवर सांगतात की त्यांचा मुलगा दहावीतच कॅल्क्युलस करतोय आणि त्याशिवाय चांगल्या युनिव्हर्सिटीत कोणी विचारत नाही. आई विचारतात, "चांगल्या ठिकाणी प्रवेश हवा तर पुढच्या दोन वर्षांचं गणित नेमकं कसं आखायचं? मुलगी म्हणते मला इकॉनॉमिक्स आवडतं. पण या वयात काय कळतं!"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात यजमानांना एक परिच्छेद मिळालाय, सासूबाईंना एक, दिरांना तर जवळजवळ दीड. ज्या पोरीला दोन वर्षं हे गणित सोडवत बसायचंय तिच्या वाट्याला एक वाक्य आलं, आणि त्यालाही तुम्ही "या वयात काय कळतं" अशी शेपटी लावली. रागवू नका, पण मला त्या वाक्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

पंधरा-सोळाव्या वर्षी सगळं कळत नाही हे खरं. पण सीबीएसईच्या दहावीला सामाजिक शास्त्रात अर्थशास्त्राचं वेगळं पुस्तक असतं. विकास, अर्थव्यवस्थेची क्षेत्रं, पैसा आणि कर्ज, जागतिकीकरण असे त्यात धडे आहेत. म्हणजे तिने जे म्हटलंय ते काहीतरी वाचून म्हटलंय. आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा, "तुला त्यातलं नेमकं काय आवडलं?" पैसा आणि कर्जाच्या धड्यात बँक ठेवीतला थोडाच भाग हाताशी ठेवून उरलेला कर्जाने देते, हे वाचून तिला गंमत वाटली असेल तर ती एक गोष्ट. विषय सोपा वाटतो, पाठ करून मार्क मिळतात, म्हणून आवडला असेल तर ती दुसरी. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, पण त्यावरून निघणारे निर्णय वेगळे आहेत. अकरावीचं इकॉनॉमिक्स म्हणजे निम्मं स्टॅटिस्टिक्स आणि निम्मं मायक्रोइकॉनॉमिक्स. तिथे आलेख, सरासरी, मागणीची रेषा आणि तिचा उतार यांच्याशीच गाठ पडते. दहावीच्या पुस्तकासारख्या गोष्टी तिथे फारशा नसतात.

तिचा कल पाहायचा असेल तर कुठल्या ॲप्टिट्यूड टेस्टला पैसे घालू नका. एक गणित देते, ते तिच्यासमोर ठेवा.

एक कचोरीवाला आहे. त्याला अनुभवाने कळलंय की कचोरीची किंमत 'क्ष' रुपये ठेवली तर दिवसाला २०० वजा ४क्ष कचोऱ्या खपतात. म्हणजे १० रुपये ठेवले तर १६०, २० ठेवले तर १२०, ३० ठेवले तर ८०. गल्ल्यात सर्वांत जास्त पैसे कुठल्या किमतीला जमतील?

हे दहावीच्या गणितात बसतं. गल्ला म्हणजे क्ष गुणिले (२०० − ४क्ष). किंमत शून्य ठेवली तर गल्ला शून्य, आणि ५० ठेवली तर कोणी घेतच नाही, म्हणून पुन्हा शून्य. आलेख मधोमध सर्वांत वर असतो, म्हणजे २५ रुपयांना. १०० कचोऱ्या, २५०० रुपये. ८५ मार्कांची मुलगी हे थोडं चाचपडून काढेल. मला त्याच्या पुढचं बघायचंय. उत्तर काढल्यावर ती वही मिटते, की विचारते, "पण कचोरी बनवायला खर्च किती येतो?" तिने तसं विचारलं तर सांगा, एका कचोरीला १० रुपये. आता २५ला विकून १५०० रुपये सुटतात आणि ३०ला विकून १६००. गल्ला एका किमतीला जास्त आणि नफा दुसऱ्याच किमतीला! इथे तिचे डोळे चमकले तर मुलीला इकॉनॉमिक्स आवडतं हे मी मान्य करीन, आणि त्याहून महत्त्वाचं, तिला गणितही आवडतं हे तुम्ही मान्य करा. तिने विचारलं नाही तर खर्चाचं तुम्हीच काढा आणि मग बघा. एका गणितावरून कुंडली मांडू नये, तरी ट्यूशनच्या टेस्टपेपरपेक्षा यातून जास्त कळेल.

आता "चांगली युनिव्हर्सिटी". हा शब्द घरातल्या प्रत्येकाने वापरलाय आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी इमारत आहे. यजमानांच्या डोक्यात खंडवा रोडवरचं सिमरोळचं आयआयटी, दिरांच्या डोक्यात अमेरिका, कोऑर्डिनेटर बाईंच्या डोक्यात बहुतेक दिल्ली. प्रत्येक ठिकाणी निवडीची रीत वेगळी आहे. म्हणून "प्रवेशासाठी कोणतं गणित" असं एकदम विचारलं की उत्तर मिळत नाही. इकॉनॉमिक्स धरून एकेक पाहू.

दिल्ली विद्यापीठापासून सुरू करते, कारण कोऑर्डिनेटर बाईंचा सल्ला तिथेच अडकतो. "टक्के चांगले पडतील" हा सल्ला २०२१पर्यंत अगदी रास्त होता. त्या वर्षी श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सची इकॉनॉमिक्स ऑनर्सची पहिली कटऑफ १०० टक्के लागली होती. तेव्हा एकेका मार्कासाठी विषय निवडणं शहाणपणाचं होतं. पण २०२२पासून तिथले प्रवेश सीयूईटीच्या, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावीचे टक्के पात्रतेसाठी आणि दोघांचे गुण सारखे आले तर वर-खाली ठरवायला लागतात, यादी त्यावर लागत नाही. इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी सीयूईटीत गणिताचा पेपर द्यावाच लागतो. मग बोर्डात चार टक्के जास्त मिळावेत म्हणून हलकं गणित घेऊन उपयोग काय? बाईंचा हेतू वाईट नाही, शाळेच्या निकालाचा बोर्ड त्यांना दिसत असतो. पण तो बोर्ड शाळेच्या फाटकावर लागतो, मुलीच्या अर्जावर नाही.

अप्लाइड मॅथ्सबद्दल मात्र गैरसमज नको. तो 'ढ' मुलांचा विषय नाही. सीबीएसईने २०२०-२१पासून तो अकरावीला आणला. त्यात मॅट्रिक्स आहेत, थोडं कॅल्क्युलस आहे, सांख्यिकी आहे, ईएमआय आणि सिंकिंग फंडासारखं व्यवहारातलं गणित आहे. सीए, बीबीए, बीकॉम करणाऱ्यांना तो उत्तम. सीयूईटीचा गणिताचा पेपरही दोन्ही गणितांना सामावून घेणारा आहे, त्यामुळे अप्लाइडवाल्यांना दिल्लीचा रस्ता बंद नाही. माझी अडचण प्रवेशानंतरची आहे. इकॉनॉमिक्स ऑनर्सला पहिल्याच सेमिस्टरला अर्थशास्त्रासाठीच्या गणिती पद्धतींचा पेपर असतो. फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, कमाल-किमान मूल्य काढणं हे सगळं तिथे पहिल्या महिन्यापासून धडाधड चालू होतं. बारावीच्या नेहमीच्या गणितात ८० मार्कांच्या लेखी पेपरपैकी ३५ मार्क एकट्या कॅल्क्युलसचे असतात. ज्या मुलीने ते ३५ मार्कांचं कॅल्क्युलस वर्षभर घासलंय तिला ते सेमिस्टर जड जात नाही. जिने टक्क्यांसाठी ते टाळलं ती दिल्लीला पेइंग गेस्ट राहून तेच शिकायला ट्यूशन शोधते. अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि हुशार होती ती.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे, ताई. प्रवेश देताना काय विचारतात यापेक्षा प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षी फळ्यावर काय असणार आहे ते बघा आणि त्यावरून गणित निवडा. तसं केलं की प्रवेशाचंही बहुतेक ठिकाणी आपोआप भागतं.

बाकीची ठिकाणं त्या नजरेने पाहा. तुमच्या घरापासून राऊच्या पुढे गेलं की आयआयएम. २०११पासून तिथे बारावीनंतरचा पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम आहे. त्याला बारावीत गणित असलंच पाहिजे अशी अट नाही, हे ऐकून पुष्कळ पालक खूश होतात. मग प्रवेश परीक्षेचा पेपर बघतात आणि गप्प होतात. तीनपैकी दोन विभाग गणिताचे. त्यात कॅल्क्युलस फारसं नसतं. श्रेणी, परम्यूटेशन-कॉम्बिनेशन, मॅट्रिक्स, फंक्शन आणि लॉगॅरिदम असतात, म्हणजे बरंचसं अकरावीचं. लॉगॅरिदमची एक गंमत सांगून ठेवते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र धडाच नाही, बारावीत डेरिव्हेटिव्हच्या ओघात ते येऊन जातात. शाळेच्या भरवशावर राहिलेली मुलं तिथे अडखळतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस देऊन घरीच करण्यासारखं आहे ते.

कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट हे नाव तुमच्या पत्रात नाही, पण असायला हवं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ साली सुरू केलेली ही संस्था. तिथला बीस्टॅट हा सांख्यिकीचा पदवी अभ्यासक्रम पुढे अर्थशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी देशातल्या सर्वांत भक्कम पायांपैकी एक आहे. बारावीला गणित लागतंच. प्रवेश परीक्षेत एक पेपर पर्यायी प्रश्नांचा आणि एक लेखी. लेखी पेपरात उत्तर बरोबर आलं एवढ्याने भागत नाही, ते का बरोबर आहे हे मांडावं लागतं. कोचिंगच्या युक्त्या तिथे चालत नाहीत. आणि शाळेच्या अभ्यासक्रमातून काढून टाकलेलं मॅथेमॅटिकल इंडक्शन तिथे हवं असतं, ते वेगळं करावं लागेल. कचोरीच्या गणिताला मुलीने तीन प्रश्न उलटे विचारले तर या संस्थेचे जुने पेपर तिला दाखवा. नाही विचारले तर सध्या राहू द्या.

आता यजमान. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एक गोष्ट सांगा. मुंबई, कानपूर आणि खडगपूरच्या आयआयटीत इकॉनॉमिक्स शिकवतात आणि पदवीही मिळते. म्हणजे बाबांची आयआयटी आणि लेकीचं इकॉनॉमिक्स एका ठिकाणी भेटू शकतात. शिवाय २०१८पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत. पण तिथली वाट जेईई ॲडव्हान्स्डमधूनच जाते, आणि तिथे गणिताइतकंच वजन फिजिक्स आणि केमिस्ट्रीला आहे. मुलीला फिजिक्स मनापासून आवडत असेल तर घ्या पीसीएम, काही बिघडत नाही. फिजिक्स नकोसं वाटत असेल तर इकॉनॉमिक्सच्या एका जागेसाठी दोन वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री घोकणं हा फार लांबचा वळसा आहे. बारावीच्या आणि त्याच्या पुढच्या वर्षी मिळून दोनच प्रयत्न असतात. "आयआयटी नाही तर काही ना काही" या वाक्यातलं 'काही ना काही' म्हणजे बहुतेक वेळा मुलीने न मागितलेली इंजिनीअरिंगची शाखा असते.

आणि "शाळा नावापुरती" हे तर अजिबात नको. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, आणि डमी शाळांवर सीबीएसई अलीकडे चांगलीच लक्ष ठेवून आहे. नियमाचं सोडा, परदेशी अर्ज करायची वेळ आली तर शाळेतल्या शिक्षकांची शिफारस लागते. ज्या पोरीला शाळेत कोणी पाहिलंच नाही तिच्याबद्दल गणिताच्या बाई काय लिहिणार?

सासूबाईंचा मुद्दा पटकन संपवते. मॅथ्स-बायो दोन्ही घेतलं की दोन्ही हातात राहतं असं वाटतं, पण इकॉनॉमिक्स आवडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो असे चार मोठे विषय बसतात आणि इकॉनॉमिक्सला जागाच राहत नाही. आजींना म्हणावं, डॉक्टर व्हायचं उद्या मनात आलंच तर आता बारावीनंतरही बायोलॉजी जादा विषय म्हणून करून मेडिकलची 'नीट' प्रवेश परीक्षा देता येते, २०२३मध्ये मेडिकल कमिशनने तशी मोकळीक दिली आहे. तुमची नात कुठे अडकत नाही.

न्यू जर्सीचे काका. परदेशातल्या नातेवाइकांचा सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि तिथल्या शाळेवरून दिलेला असतो. अमेरिकेत गणिताचे वेगवेगळे कोर्स ओळीने घ्यावे लागतात: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. कुठल्या वर्षी कुठला कोर्स घेतला यावरून मुलगा कुठे पोचणार ते ठरतं, म्हणून तिकडचे आईबाप सहावी-सातवीपासून आखणी करत बसतात. दिरांचा मुलगा त्या ओळीत बराच पुढे आहे, चांगलंच आहे. आपल्याकडे हे सगळे विषय एकाच 'गणित' नावाखाली दरवर्षी थोडे थोडे येतात, आणि अकरावी-बारावीचं नेहमीचं गणित पूर्ण केलं की कॅल्क्युलस झालेलं असतं. लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची ओळख अकरावीत, पुढे इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत बारावीत. तिकडच्या शाळांतल्या एपी कॅल्क्युलस एबी या वरच्या पातळीच्या कोर्समध्ये जे असतं त्यातला बहुतेक भाग यात येऊन जातो. एमआयटीसारखी संस्था अर्जदाराने कॅल्क्युलसपर्यंत गणित केलेलं असावं असं सांगते, ते आपल्या बारावीत बसतं. आणि तिथले लोक मुलाला त्याच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्या हिशेबाने जोखतात. इंदूरच्या मुलीने न्यू जर्सीच्या मुलाचा कोर्स का केला नाही असं कोणी विचारत नाही.

दिरांनी न सांगितलेल्या दोन गोष्टी मी सांगते. तिकडे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे मार्क मागतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे आराम, कारण देशातल्या प्रवेशात तिचे मार्क कोणी बघत नाही. बाहेरचा विचार थोडाही असेल तर अकरावी सांभाळावी लागेल. आणि सॅट या तिकडच्या प्रवेश परीक्षेच्या गणितात कॅल्क्युलस नसतं. बीजगणित, आकडेवारी, भूमिती, थोडी त्रिकोणमिती, ३५-३५ मिनिटांचे दोन भाग आणि स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर. नीट अकरावी केलेल्या मुलीला ते अवघड नाही. इंग्लंडचं वेगळं आहे. केंब्रिज आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अलीकडे इकॉनॉमिक्ससाठी टीएमयूए नावाची गणिताची परीक्षा घेतात, तिला कॅल्क्युलेटर चालत नाही आणि विचार खूप करावा लागतो. हे सगळं ठीक. पण परदेशाच्या बाबतीत गणिताआधी पैशांचं बोलून घ्या. दरवर्षी किती झेपेल हा आकडा घरात ठरला की निम्मी नावं आपोआप यादीतून जातात, आणि उरलेल्यांच्या साइटवर सीबीएसईचं कोणतं गणित चालतं हे स्वतः वाचता येतं. अप्लाइड मॅथ्सबद्दल तर खास वाचा, कारण 'मॅथेमॅटिक्स' म्हटलं की प्रत्येक विद्यापीठ तेच धरेल असं नाही.

तर मी काय करीन? अकरावीला नेहमीचं गणित, इकॉनॉमिक्स, इंग्रजी, हे तीन पक्के. उरलेले दोन मुलीवर सोडीन. फिजिक्स आवडत असेल तर फिजिक्स-केमिस्ट्री आणि पाचवा विषय कॉम्प्युटर किंवा पीईऐवजी इकॉनॉमिक्स. नसेल तर अकाउंटन्सी आणि बिझनेस स्टडीज. बोर्डाला यातली कुठलीही जोडी चालते. अडतं ते शाळेच्या टाइमटेबलवर, कारण सायन्सच्या वर्गाचा इकॉनॉमिक्सचा तास आणि कॉमर्सचा तास एका वेळी ठेवलेला नसतो. म्हणून कोऑर्डिनेटर बाईंना "काय घेऊ" हे विचारू नका. "फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सबरोबर इकॉनॉमिक्स तुमच्याकडे मिळतं का, आणि कॉमर्सबरोबर नेहमीचं मॅथ्स मिळतं का" असं नेमकं विचारा. नाही म्हणाल्या तर फेब्रुवारीच्या आत दुसऱ्या एक-दोन शाळांत चौकशी करून ठेवा. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झाल्यावर धावपळ नको.

"आणि जड गेलं तर?" हे तुमच्या मनात आलंच असेल. म्हणून तर नेहमीच्या गणितापासून सुरुवात करायची. त्यावरून अप्लाइडवर येणं सोपं, उलटं फार अवघड. अकरावीत बोर्डाकडे विषयांची नोंदणी होईपर्यंत बदल शाळेच्या हातात असतो. नंतर बोर्डाची परवानगी मागावी लागते. तेव्हा एप्रिल ते जुलै हा पारखण्याचा काळ धरा. पहिल्या युनिट टेस्टला ५५ आले म्हणून घाबरू नका, दहावीतून अकरावीत आलेल्या बहुतेकांचे पहिल्या टेस्टचे मार्क घसरतात. मार्कांपेक्षा एक बघा: गणित अडलं की ती पंधरा-वीस मिनिटं त्याच्याशी झगडते की लगेच मोबाइलवर उत्तर शोधते? झगडत असेल तर मार्क दिवाळीपर्यंत वर येतील. रोज रडारड होत असेल, झोप जात असेल, तर अप्लाइड घ्या आणि त्याबद्दल घरात कोणी टोमणा मारायचा नाही एवढं बघा. दिल्लीला अर्ज तेव्हाही करता येईल.

अकरावीत फंक्शन आणि त्रिकोणमिती कच्ची ठेवू नका, बारावीचं सगळं कॅल्क्युलस त्यावर उभं आहे. खाली विटा सुटलेल्या असतील तर वर कितीही प्लास्टर केलं तरी भिंत फुगते. कोचिंग लावायचंच तर अकरावीच्या दिवाळीनंतर, आणि कशाचं ते तोवर ठरलेलं असू द्या. जेईई, आयपीएम आणि सीयूईटी तिन्हींचे क्लास एकदम लावलेली मुलं मला भेटतात. त्यांचा दिवस रिक्षात जातो. सीयूईटीच्या गणितासाठी तर वेगळ्या क्लासची गरजच वाटत नाही मला. ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात, बारावीचा अभ्यास झाल्यावर शेवटचे दोन महिने घड्याळ लावून पेपर सोडवले की हात बसतो.

आणि हे सगळं करून दिल्ली-कोलकाता नाहीच जमलं तर देवी अहिल्या विद्यापीठाचा स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आपल्या गावातच आहे. तिथून पदवी घेऊन पुढे एमएला मोठ्या ठिकाणी जाता येतं, आणि त्या परीक्षांनाही विचारतात ते हेच गणित. हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

मध्य प्रदेश बोर्डात मुलं असलेल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे गणित समूह, जीवविज्ञान समूह, वाणिज्य असे गठ्ठे असतात, त्यामुळे इकॉनॉमिक्स आणि गणित एकत्र मिळवायला शाळेशी जास्त बोलावं लागतं. वाणिज्यबरोबर गणित द्यायला तयार असलेली शाळा शोधा. दहावीनंतर सीबीएसईत जायचा विचार असेल तर शाळा बदलण्याआधी त्या शाळेतला विषयांचा मेळ लेखी घ्या.

ताई, तुमचं पहिलं काम मात्र याहून जवळचं आहे. दहावीच्या बोर्ड परीक्षेसाठी शाळा आता मुलांची यादी पाठवेल आणि त्यात गणित स्टँडर्ड की बेसिक हे विचारतील. अभ्यासक्रम दोन्हींचा एकच असतो, पेपर बेसिकचा सोपा. "टक्के चांगले पडतील" हा सल्ला इथेही मिळण्याची शक्यता आहे. मूळ नियमाने बेसिकवाल्यांना अकरावीत नेहमीचं गणित घेता येत नाही. मधल्या काही वर्षांत बोर्डाने सूट दिली, पण तिच्या भरवशावर राहू नका. २०२६पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा आहे, पहिल्या खेपेला गणितात कमी पडले तर दुसऱ्या खेपेला सुधारता येतात, तेव्हा स्टँडर्डला भ्यायचं कारण उरलेलं नाही. स्टँडर्डचा कोड ०४१, बेसिकचा २४१. अकरावीत पुन्हा हेच दोन आकडे येतात, तिथे ०४१ म्हणजे नेहमीचं गणित आणि २४१ म्हणजे अप्लाइड. फॉर्मवर सही करायच्या आधी दोन्ही वेळा कोड वाचा, आणि वाचताना मुलीला शेजारी बसवा.